थंडीत झाड वाळलं की झोपलं? कोकणातल्या परसबागेची दरवर्षीची अडचण

तुळशीचं लग्न होऊन महिना झाला की दरवर्षी तेच प्रश्न कानावर येतात. वृंदावनातली तुळस पिवळी पडली. चाफ्याला एक पान उरलं नाही. सुरणाचं खोड आडवं झालं. मोगऱ्याच्या नुसत्या काड्या राहिल्या. "आता काय घालू?" असं प्रत्येक जण विचारतो, आणि पुढे चौकशी केली की कळतं, विचारायच्या आधीच घालून झालेलं असतं. दोन वेळचं पाणी, मूठभर युरिया, कुणी सांगितलं म्हणून चहाचा चोथा.

मी गुहागरजवळ राहते. मागे नारळी-पोफळीचं लहानसं आगर, पुढे अंगण आणि अंगणाच्या कडेने फुलझाडं. लग्न होऊन इथे आले त्याला २६ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मार्गशीर्ष ते माघ या तीन महिन्यांत जी झाडं हातची गेली, त्यातली बरीचशी जास्तीच्या पाण्याने गेली. म्हणून आधी विनंती करते, हे वाचून होईपर्यंत बादली बाजूला ठेवा.

आपल्याकडची थंडी ती केवढी? समुद्रकाठच्या गावांत पहाटे पारा १८-२० च्या आसपास उतरतो. दापोलीसारख्या उंचावर आणखी खाली जातो. पण दुपारी पुन्हा तिशीच्या पुढे. एवढ्या गारठ्याने आपली झाडं मरत नाहीत. त्यांना झळ बसते ती कोरडेपणाची. जून ते सप्टेंबर एवढ्यात ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, ऑक्टोबरात दोन-चार सरी आणि मग थेट पुढचा मृग. आपली जांभ्या दगडाची जमीन तर चाळणीसारखी, वरचं पाणी धरून ठेवत नाही. त्यात रात्रभर आणि सकाळी सह्याद्रीकडून मतलई वारा सुटतो. दोरीवरचे कपडे दोन तासांत वाळतात, तशीच पानंही वाळतात. पान म्हणजे पाणी उडून जायची वाट. मग काही झाडं ती वाटच बंद करतात, पानं टाकून देतात. काही आपला सगळा ऐवज जमिनीखालच्या कांद्यात नेऊन ठेवतात. काही जागीच थांबतात, ना वाढ ना फूल. तिन्ही प्रकार वरून पाहिले तर मरणासारखेच दिसतात, आणि घोळ होतो तो इथेच.

आधी नख लावून बघा

अंगठ्याच्या नखाने फांदीची साल तांदळाच्या दाण्याएवढी खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर लागलं तर ती फांदी जिवंत आहे, पान असो वा नसो. तपकिरी आणि कोरडं लागलं तर वीतभर खाली येऊन पुन्हा बघा. शेंड्याला मेलेली फांदी बुंध्याकडे जिवंत असते, असं पुष्कळदा होतं. बुंध्याशी टेकेपर्यंत आशा सोडू नका.

मग बोट मातीत घाला, दोन पेरं आत. तिथे गारवा लागला तर आज पाणी नको. वरची माती दुपारपर्यंत पांढरी पडतेच, ती बघून पाणी घालायचं नसतं. कुंडीत लावलं असेल तर कुंडी उचलून बघा, आठवडाभरात हाताला वजनाची सवय होते.

तिसरी गोष्ट वासाची. मुळाजवळची चिमूटभर माती नाकाशी न्या. चांगल्या मातीला पहिल्या पावसासारखा वास येतो. कुजकट, आंबूस वास आला तर मुळं कुजायला लागली आहेत. अशा झाडाची पानं पाणी न मिळालेल्या झाडासारखीच माना टाकतात, आपल्याला वाटतं तहान लागली, आणि आपण आणखी ओततो.

चाफा

यावर जरा जास्त लिहिते, कारण हा माझ्या हातून गेला होता.

विहिरीच्या वाटेवर सासूबाईंनी लावलेला पांढरा चाफा होता. माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात त्या महिनाभर लेकीकडे चिपळूणला गेल्या. पौषात त्याची पानं पिवळी पडून गळायला लागली आणि आठ दिवसांत झाड उघडं झालं. मला धसका बसला. त्या आल्यावर काय सांगू, या काळजीने मी सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, वर शेणकाला ओतला. तीन आठवड्यांनी शेंडे मऊ पडले, काळे झाले. बोटाने दाबलं तर आतून पाणी आलं. बुंध्याची साल सुटायला लागली होती.

सासूबाई आल्या, त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली आणि आत जाऊन कोयती आणली. एकेक फांदी वरून खाली थोडी थोडी तोडत गेल्या. कापलेल्या जागी पांढरा चीक येतो का, एवढंच बघत होत्या. बहुतेक फांद्या आतून तपकिरी निघाल्या. एकाच फांदीला, हातभर उरल्यावर, टपटप चीक आला. ती त्यांनी पडवीत सावलीला ठेवली. बारा दिवसांनी कापलेलं तोंड पुरतं सुकल्यावर गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या कडेला, वाळू मिसळलेल्या मातीत लावली. मला म्हणाल्या, "अगो, त्याचं जेवण झालंय. तू कितीही वाढलंस तरी तो आता जेवायचा नाही."

त्या फांदीचं झाड आज पागोळीच्या वर गेलंय.

चाफा मूळचा मध्य अमेरिकेकडचा. तिथेही वर्षातले काही महिने कोरडे जातात, म्हणून पानं टाकायची सवय त्याच्या अंगातच आहे. त्याच्या जाड फांद्या म्हणजे पाण्याच्या पिशव्या असतात. पानं नसताना मुळं पाणी ओढत नाहीत, आणि न ओढलेलं पाणी मुळांशी साचून राहिलं की कुजणं सुरू होतं. तेव्हा जमिनीतल्या मोठ्या चाफ्याला पानं गळल्यापासून नवं टोक दिसेपर्यंत पाणी बंद. कुंडीतला असेल तर वीस-पंचवीस दिवसांनी एकदा तांब्याभर. खत अजिबात नको. पानं गळण्याआधी त्यांच्या खालच्या बाजूला नारिंगी भुकटी दिसली असेल तर तो तांबेरा. गळलेली पानं तेवढी गोळा करून लांब नेऊन टाका, झाडाखाली ठेवू नका.

आणि एकदा सकाळी आठच्या सुमाराला पानं नसलेल्या चाफ्याजवळ जाऊन उभे राहा. पान जिथून गळलं तिथे फांदीवर अर्धचंद्रासारखी खूण राहते. खालपासून वरपर्यंत अशा खुणाच खुणा असतात, जुन्या पुसट, नव्या ठळक. त्या मोजत वर गेलं की गेल्या पावसाळ्यात फांदी किती वाढली ते कळतं. अगदी शेंड्याला करंगळीच्या पेराएवढा हिरवट, तुकतुकीत कोंब मिटून बसलेला असतो. तो दाबून कडक लागला की झाड ठणठणीत आहे असं समजा. दिवाळीनंतर आम्ही अंगण नव्याने करतो, चोपण्याने चोपून शेणाने सारवतो. त्या गुळगुळीत अंगणावर या उघड्या फांद्यांची सावली पडते तेव्हा मी केर काढायची थांबते. पानं असताना ही सावली कधी दिसत नाही.

जमिनीखाली गेलेली मंडळी

सुरण, हळद, आलं आणि रानातून आणून लावलेली कळलावी. यांचं वरचं सगळं वाळून जाणार, तसंच ठरलेलं आहे. सुरणाचं ते ठिपक्याठिपक्यांचं जाडजूड खोड पिवळं पडून आडवं झालं की खालचा कांदा तयार झाला. खणून काढा, लावायला ठेवायचा तो कोरड्या जागी ठेवा आणि वैशाखात पुन्हा लावा. हळदीची पानं वाळायला लागली की पाणी तोडा. गणपतीत ज्या पानांत पातोळे केले त्यांचा पाचोळा झालेला बघून वाईट वाटतं खरं, पण पानांतलं सत्त्व तोवर गड्ड्यात उतरलेलं असतं. कळलावीचा कंद विषारी आहे, मुलं असतील तर उकरून उघडा ठेवू नका. जागा विसरू नये म्हणून तिथे एक काठी रोवा. ही काठी फार महत्त्वाची. मुंबईहून चार दिवस आलेली माणसं "इथे काही नाहीये" म्हणून तिथेच खड्डा खणतात.

अळू यातलं वेगळं. मोरीचं पाणी जिथे जातं तिथे लावलं असेल तर बारमाही हिरवं राहतं.

ज्यांना तहान लागू द्यायची असते

मोगरा आणि आंबा. या दोघांना थंडीत पाणी घालणं म्हणजे त्यांचं गणित मोडणं.

मोगऱ्याला डिसेंबरात पाणी कमी करत न्या. पानं पिवळी पडतील, पडू द्या. जानेवारीत वाळक्या आणि वेड्यावाकड्या काड्या छाटा, चांगल्या काड्याही निम्म्यावर आणा. पंधरा-वीस दिवस तसाच ताण द्या. मग आळं उकरून शेणखत घाला आणि भरपूर पाणी. नवी फूट येते आणि कळ्या त्या फुटीवरच धरतात. जानेवारीत ज्यांचा मोगरा गच्च हिरवागार असतो त्यांना उन्हाळ्यात गजऱ्यापुरतीही फुलं मिळत नाहीत, हे मी शेजारीपाजारी वर्षानुवर्षं बघते आहे.

आंब्याला मोहोर यायचा तर पावसानंतर जमीन सुकावी लागते आणि रात्री गार व्हाव्या लागतात. दारातल्या कलमाच्या बुंध्याशी नोव्हेंबरात रोज पाइप सोडलात तर मोहोराच्या जागी पालवी येते, तांबूस आणि दिसायला सुरेख, पण आंबा नाही. फळं वाटाण्याएवढी झाली की मात्र पाणी द्यायचं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस मोठ्या झाडाला १५० ते २०० लिटर, पंधरा दिवसांच्या अंतराने, अशी आहे. मोहोराचा सडा पडला म्हणून घाबरू नका. एका तुऱ्यात शेकड्यांनी फुलं असतात, त्यातली बरीच नर, आणि फळ धरतं शंभरात एखाद्या फुलालाही नाही. घाबरायचं ते आभाळ भरून आल्यावर. पानं चिकट झाली, वर काजळी धरली तर ते तुडतुडे. तुऱ्यावर पांढरी पूड दिसली तर भुरी. ही खरी दुखणी, यांना वेळेवर फवारणी लागते.

खरंच आजारी कोण?

जास्वंद, अबोली आणि पोफळ यांनी थंडीत झोपायचं नसतं. यांची पानं झडली तर कारण शोधा.

जास्वंदीच्या पानाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे थोडे थेंब घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. मुंग्यांची रांग दिसते का बघा. त्या या किडीचा गोड रस खातात, तिला सांभाळतात, इकडून तिकडे नेतात. अबोलीला पाणी लागतं आणि दुपारची सावली लागते, एवढं दिलं की ती बारा महिने फुलते. पानांच्या कडाच तेवढ्या करपल्या असतील आणि घर किनाऱ्याला लागून असेल तर खाऱ्या वाऱ्याचं मीठ बसलंय. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने पानं धुवा.

कढीलिंब मधला. थोडा पिवळा पडतो, वाढ थांबते, चार पानं टाकतो. त्याला नुसतं राहू द्या.

पोफळीबद्दल एक सांगायलाच हवं. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दुपारनंतरचं तिरपं ऊन कडेच्या पोफळींच्या खोडावर, नैर्ऋत्येच्या बाजूला, सरळ बसतं. तिथे आधी पिवळट डाग पडतो, मग खोड चिरतं आणि दोन-तीन वर्षांनी वाऱ्यात तिथेच मोडतं. आगराच्या त्या बाजूच्या खोडांना वाळकी झावळी बांधा, नाहीतर चुना लावा. तासाभराचं काम आहे.

तुळस

सगळ्यात जास्त जीव जातो तो तुळशीपायी, कारण दारातली तुळस वाळणं आपल्याला अशुभ वाटतं. म्हणून आधी मनातली भीती काढते. तुळस दोन-तीन वर्षांचंच झाड आहे. कार्तिकात तिला मंजिऱ्यांचे झुबके येतात, बी धरतं, आणि बी धरल्यावर झाड थकतं. घरावर काही संकट येणार म्हणून ती वाळलेली नसते. तिने तिचं काम केलेलं असतं.

पण धडधाकट तुळसही दर थंडीत मरत असेल तर वृंदावन तपासा. जुनी वृंदावनं जांभ्याची, चुन्यात बांधलेली, तळ उघडा, पाणी थेट जमिनीत जायचं. आता सिमेंटची, टाइल लावलेली वृंदावनं तयार मिळतात. दिसायला देखणी, पण पुष्कळांना तळाला भोकच नसतं. घरात चार माणसं असतील आणि प्रत्येकाने आंघोळीनंतर तांब्याभर पाणी घातलं तर दिवसाला चार तांबे झाले. उन्हाळ्यात ते खपतं. थंडीत झाड पाणी ओढत नाही, ते खाली साचतं.

उपाय असा. तळाशी, बाजूने, बोटभर भोक पाडून घ्या. माती पूर्ण काढा. खाली चार बोटं खापऱ्या आणि चिऱ्याचे तुकडे घाला. वर दोन वाटे माती, एक वाटा वाळू, एक वाटा जुनं शेणखत. पूजेचं पाणी पळीभर तुळशीला आणि उरलेलं बाजूच्या जास्वंदीला घालायची सवय लावून घ्या. आमच्या घरी सासूबाईंनीच ती लावली. हळदी-कुंकू मुळाशी वाहू नका, त्याचा मातीवर पापुद्रा धरतो. वृंदावनाच्या भिंतीला लावा. दिवा पानांखाली ठेवू नका, कोनाडा त्यासाठीच असतो. मंजिऱ्या हिरव्या आहेत तोवरच खुडत राहा. रविवारी आणि द्वादशीला आपण तुळस तोडत नाही, बाकीचे दिवस पुरेसे आहेत. थोड्या मंजिऱ्या मात्र पूर्ण वाळू द्या. त्या तळहातावर चोळल्या की मोहरीहून बारीक, काळपट बी सुटतं. एखाद्या करवंटीत माती भरून वर भुरभुरवा आणि माती नुसती ओलसर ठेवा. जुनी तुळस जाईल तेव्हा तिचीच लेक तयार असेल.

बुंध्याशी नख लावल्यावर हिरवं लागलं तर वाळके शेंडे कापून वाट बघा. होळीच्या सुमाराला खालून फूट येते.

पाणी कुणाला, आणि पातेऱ्याचं काय

जी जागी आहेत त्यांना: नारळ, पोफळ, अबोली, जास्वंद, दोन-तीन वर्षांच्या आतली कलमं. सकाळी ऊन वर यायच्या आत, रोज थोडंथोडं न देता तीन-चार दिवसांनी भरपूर, म्हणजे मुळं खाली जातात. नारळाच्या आळ्यात सोडणं, म्हणजे नारळाची सालं, पुरून ठेवा, ती ओल धरून ठेवतात.

आणि पातेरा, म्हणजे गळलेला पाचोळा, जाळू नका. दर संध्याकाळी वाडीवाडीतून धूर निघताना दिसतो तेव्हा फार वाईट वाटतं. झाडाने स्वतःच्या पायाशी अंथरूण घातलेलं असतं आणि आपण ते झाडून पेटवतो. चार बोटं जाडीचा पातेरा आळ्यात पसरला तर माती आठवडाभर गार राहते, मी बोट घालून बघितलंय. फक्त बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवा, आपल्याकडे वाळवी लगेच लागते.

ज्यांना पाणी लागतच नाही त्यांच्याकडेही बघा. रायगडात भात कापून झाल्यावर वाल पेरतात. जमिनीत उरलेली ओल आणि वरून पडणारं दंव, एवढ्या भांडवलावर तो शेंगा धरतो. त्याच शेंगांची भांबुर्ड्याच्या पाल्यात, मडक्यात भाजलेली पोपटी थंडीतच खायची. परसात एक ओळ वाल लावून बघा, पाणी न घालता.

कोयती उचलण्यापूर्वी

आमच्या वरच्या वाडीत एका घराच्या मागे काटेसावर होती. घरातली माणसं शहरात, नाताळच्या सुट्टीत आली. झाड उघडं, काटेरी, मेलेलं वाटलं. गडी लावून तोडून टाकलं. सावर पानं टाकते आणि पौष-माघात उघड्या फांद्यांवर तळहाताएवढी लाल फुलं येतात. त्या दिवसांत इतर फुलांची टंचाई असते, त्यामुळे साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, खारी, सगळी गर्दी तिथे असते. ते झाड तुटलं तेव्हा कळ्या धरल्या होत्या. तोडलेल्या फांद्यांवर त्यातल्या काही पुढचे चार दिवस उमलत राहिल्या. ते बघितल्यापासून मी घरी एक नियम केला आहे.

थंडीत कुठलंही झाड "मेलं" म्हणून काढायचं नाही. त्याला चिंधी बांधून ठेवायची. माघात एकदा नख लावायचं, शिमग्याला एकदा. पांगाऱ्याला तोवर फुलं आलेली असतात, चाफ्याच्या शेंड्याला हिरवी चोच दिसायला लागते, आणि बहुतेक चिंध्या तेव्हाच सुटतात. उरलेल्यांना अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत. त्या दिवशीही बुंध्याशी हिरवं लागलं नाही, तर झाड मुळासकट काढा, आठ दिवस खड्ड्याला ऊन दाखवा, शेणखत घालून आळं करा आणि पडवळाचं बी टाका.